साका

बाटली तिरकी बुडवायची, बुडबुडा आत येता कामा नये.
झाकण पाण्याखालीच लावायचं.
मग काठावर बसून दोन औषधं, एकामागून एक,
आणि वाट बघायची.
तपकिरी साका बसला तर पाण्यात श्वास आहे.
पांढरा बसला तर नाही.

अकरा वर्षं हेच करते मी,
तरी पांढरा दिसला की
पहिल्या क्षणी वाटतं, किती स्वच्छ.

इलाहीभाईनं गाडी बंधाऱ्याच्या वरच थांबवली.
रोजे चालू आहेत, म्हणाला, रिकाम्या पोटी हा वास नको.
आज आबा बरोबर आलेत, "बघू तरी तुझं हापिस" म्हणत.
केरबा मिस्त्री, उद्यमनगर,
एकेचाळीस वर्षं मोल्डिंग.

लहानपणी आबा घरी यायचे ते काकवीचा वास घेऊन.
कोअरच्या वाळूत मळी मिसळायची,
तिच्यानं वाळू धरते.
भट्टीवर तापली की सगळ्या गल्लीला
गुऱ्हाळ लागल्याचा भास.
मी त्यांचा शर्ट हुंगायचे.
त्याच शर्टावर माझी फी निघाली, बी.एस्सी.ची, एम.एस्सी.ची,
मग ही बाटली.

मगदूम सरांनी फळ्यावर एकदा जोतिबाचा डोंगर काढला होता.
आडवा माणशी पैसा, उभी घाण.
आधी चढते, म्हणाले, मग माथा येतो.
पोटापुरतं झालं की माणूस खिडकी उघडतो,
नाक मुरडतो,
तिथनं घाण उतरणीला लागते.
मागच्या बाकावरून मी विचारलं,
माथा किती रुपयांवर, सर?
सर हसले. बोटं खडूनं पांढरी झाली होती.

सर खोटं बोलत नव्हते.
कोळशाची भट्टी गेली, विजेची आली.
आईच्या वाळत घातलेल्या साड्यांवरचे
काळे ठिपके गेले.
(आबांचा खोकला तेवढा राहिला.)
वीज कुठनं येते, कुणी विचारलं नाही.
जिथं तिच्यासाठी कोळसा जळतो
तिथल्या दोरीवरही साड्या असतीलच.

मग फरशी आली, मोपेड आली,
मग भिंतीवर फिल्टर.
एक तांब्या गोड, तीन तांबे बाहेर.
बाहेर म्हणजे मोरी, मोरी म्हणजे नाला, नाला म्हणजे
हीच.
आमच्या घरापुरता डोंगर उतरला, सर.
पायथ्याला शिरोळ आहे,
तिथं तिसऱ्या दिवशी पोचतं.

परवा मासे वर आले होते, तोंडं उघडी टाकून.
पोरं हातानं धरत होती, ओंजळी भरत होती.
कुणी विचारलंच तर रंकाळ्याचे म्हणायचं,
असं त्यांचं आपसात ठरलेलं.

"काय रंग?" आबांनी विचारलं.
मी बाटली उजेडाकडं धरली.
दूध नासावं तसं आत
हळू हळू खाली बसत होतं.
आबा बघत राहिले.
"ह्यो पांढरा म्हंजे चांगलाच की."
मी नाही म्हटलं. का ते सांगितलं.
त्यांनी मान डोलावली,
साहेब रिजेक्शन दाखवायचा तेव्हा डोलवायचे तशी.

मग पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून
उतरले, नको नको म्हणताना,
आणि तळाचा काळा गाळ मुठीत घेतला.
आयुष्यभर वाळू अशीच पारखली त्यांनी:
मूठ आवळायची, उघडायची,
ढेकूळ मोडतं का बघायचं.

ढेकूळ मोडलं नाही.
बोटांच्या चारी खाचा त्यावर स्वच्छ उमटल्या होत्या,
अंगठीचाही वळ.
आबांनी ते नाकाजवळ नेलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.

"बाइंडर लई झालाय," म्हणाले,
"पर साचा झ्याक पडंल ह्याचा."

आणि ते ढेकूळ कुठं ठेवायचं न कळून
तसंच हातात धरून
गाडीपर्यंत आले.